आजीचा आवाज कुठे ठेवायचा? घरातल्या फाइल सर्व्हरची गोष्ट

(या भागाची ही लिखित आवृत्ती. बोलण्याच्या ओघातले जास्तीचे 'म्हणजे' आणि 'ओके' कापलेत. बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

  

आजचा विषय थोडा टेक्निकल आहे, पण घाबरू नका. विषय आहे घरातला फाइल सर्व्हर. घरातले सगळे फोटो, व्हिडिओ, कागदपत्रं ठेवणारं एक यंत्र, जे घरातल्या प्रत्येक फोनला आणि लॅपटॉपला वायफायवरून दिसतं. याला नेटवर्क स्टोरेज म्हणतात, बाजारात 'नॅस' म्हणून मिळतं. मी ते घरी बनवलं, मग माझ्याच हाताने बिघडवलं, आणि मग पुन्हा नीट बनवलं. तिन्ही गोष्टी सांगणार आहे. मधली सांगायला लाज वाटते, पण तीच सगळ्यात उपयोगाची आहे.

आधी माझ्याबद्दल दोन वाक्यं. मी मूळची अष्टमीची. रायगड जिल्ह्यात कुंडलिका नदी आहे, तिच्या एका काठावर रोहा आणि दुसऱ्या काठावर आमची अष्टमी. नगरपरिषद दोघांची एकच, रोहा अष्टमी नगरपरिषद. पण बाहेर कुणाला सांगायचं तर आम्ही 'रोह्याचे' म्हणूनच सांगतो, कारण अष्टमी म्हटलं की समोरचा विचारतो, कुठली, गोकुळाष्टमी? बीटेक लोणेऱ्याला केलं, नोकरी पुण्यात. बाबा धाटावच्या एमआयडीसीत एका कारखान्यात होते, आता रिटायर. आई घरी, दादा ठाण्याला.

आणि आजी. आजी २०१९ च्या पावसाळ्यात गेली.

त्याच्या आदल्या वर्षी, जानेवारी २०१८ मध्ये, मी शेवटच्या वर्षाला असताना सुट्टीला घरी आले होते. पोपटीचे दिवस होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आमच्याकडे थंडीत वालाच्या शेंगा आल्या की मडक्यात भांबुर्डीचा पाला घालतात, त्यात शेंगा, अंडी, हवं तर चिकन, वर परत पाला, आणि मडकं उलटं ठेवून भोवती जाळ करतात. पाणी घालत नाहीत, थेंबभरसुद्धा. तर आजी अंगणात बसून हे सगळं सांगत होती, पाला किती, मीठ कधी, जाळ किती वेळ. मी सहज मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं. मग पुढचे चार-पाच दिवस नादच लागला. तिचं माहेर, तिचं लग्न, नदीचा पूर, सगळं विचारत गेले. एकूण अकरा रेकॉर्डिंग झाली. ती मी घरच्या डेस्कटॉपवर टाकली आणि विसरून गेले.

आता ३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ. दुपारी अलिबागच्या दक्षिणेला रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. लॉकडाउन होतं, त्यामुळे मी घरीच, वर्क फ्रॉम होम. आमचं घर जुनं, कौलारू. मधल्या खोलीवरची कौलं उडाली आणि नेमका त्याच खोलीत कॉम्प्युटर. आम्ही चौघंही, दादा पण तेव्हा घरीच अडकलेला, पातेली आणि ताडपत्री घेऊन पळत होतो. कॉम्प्युटर कुणाच्या लक्षात येणार? तांदळाचे डबे वाचवले, देव वाचवले. संध्याकाळी बघितलं तर कॅबिनेटमधून पाणी ठिबकत होतं. त्यानंतर कित्येक दिवस वीजच नव्हती, त्यामुळे किती नुकसान झालंय तेही कळेना.

शेवटी ती हार्ड डिस्क मुंबईला एका रिकव्हरीवाल्याकडे पाठवली. जे पैसे लागले त्यात एक बरा मोबाइल आला असता. पण नशीब, बराचसा डेटा निघाला. पेन ड्राइव्हवर आला. त्यात आजीची अकराच्या अकरा रेकॉर्डिंग होती.

त्या दिवशी मी ठरवलं, आता हे असं नशिबावर नाही सोडायचं.

तुम्ही म्हणाल, एवढं कशाला, गूगलवर टाक ना. बरोबर आहे. पण १ जून २०२१ पासून गूगल फोटोजची फुकट अमर्याद जागा बंद झाली. आता सगळं धरून १५ जीबी. आमच्या घरचे फोटो आणि बाबांच्या जुन्या हॅंडीकॅमच्या कॅसेटवरून उतरवलेले व्हिडिओ मिळून तेव्हाच दीड टीबीच्या पुढे होते. आणि व्हॉट्सॲपवरून पाठवलेला फोटो कमी करून जातो, हे तर तुम्हाला माहीतच आहे. दहा ग्रुप फिरून आलेला लग्नाचा फोटो बघा, नवरी कोण आणि करवली कोण ओळखत नाही.

तर मी बनवायला घेतलं. फाइल सर्व्हर म्हणजे नेमकं काय? गच्चीवरची पाण्याची टाकी आठवा. टाकी एकच, नळ सगळ्या खोल्यांत. सर्व्हर म्हणजे टाकी. तुमचा फोन, दादाचा लॅपटॉप, बाबांचा टीव्ही हे नळ. आणि मधले पाइप म्हणजे घरचं वायफाय. ही पाइपलाइन एका ठरलेल्या भाषेत बोलते, तिचं नाव एसएमबी. ही भाषा युनिक्सच्या मशीनला बोलता यावी म्हणून ॲंड्र्यू ट्रिजेल नावाच्या ऑस्ट्रेलियन प्रोग्रामरने १९९२ च्या सुमाराला एक सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. तेच आजचं 'सांबा'. हो, नाव ऐकून इडली आठवते. पण घरगुती सर्व्हरमध्ये बहुतेक वेळा आत हेच चालत असतं, विकतचा डबा असो की घरी बनवलेला.

मी काय घेतलं ते सांगते. एका ऑफिसने काढून टाकलेला सेकंडहॅंड डेस्कटॉप, ६,००० रुपये. ४ टीबीच्या दोन हार्ड डिस्क, मिळून १८,०००. बाहेरून लावायची एक यूएसबी डिस्क, ८,५००. सॉफ्टवेअर फुकट: डेबियन लिनक्स आणि त्यावर ओपनमीडियाव्हॉल्ट, म्हणजे सगळं ब्राउझरमधून क्लिक करून चालवता येतं. फोनमधले फोटो आपोआप यायला सुरुवातीला सिंकथिंग वापरलं, हल्ली इमिच वापरते.

वीज किती खातं? प्लगला लावायचा छोटा मीटर मिळतो, त्यावर मोजलं. निवांत असताना साधारण ३० वॉट. म्हणजे दिवसरात्र चालू ठेवलं तर महिन्याला साधारण २२ युनिट. तुमच्या बिलातल्या दराने गुणून बघा.

आणि आता एक खरी गोष्ट, जी यूट्यूबवर फारशी कुणी सांगत नाही. पैसे वाचवायला बनवत असाल तर बनवू नका. त्या वेळी २ टीबीची क्लाउडची जागा वर्षाला साडेसहा हजाराला मिळत होती. माझा खर्च यूपीएस धरून ३५,५०० झाला. हिशेब करा, जवळपास साडेपाच वर्षं नुसती बरोबरी व्हायला लागतात, वीज वेगळी, डिस्क मेली तर वेगळी. मी बनवलं कारण मला ते घरात हवं होतं, आणि खरं सांगायचं तर मला करून बघायचं होतं.

आता त्या दोन हार्ड डिस्क. त्या मी आरशासारख्या जोडल्या, याला रेड वन म्हणतात. एका डिस्कवर जे लिहिलं जातं तेच त्याच क्षणी दुसरीवर. एक डिस्क मेली तरी दुसरी चालू. १९८८ मध्ये बर्कली विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांच्या पेपरमधून ही 'रेड'ची कल्पना नावारूपाला आली. कल्पना मस्त आहे. पण लोक इथेच फसतात, आणि मी इंजिनिअर असून फसले.

परत टाकीकडे या. समजा तुम्ही गच्चीवर दोन टाक्या ठेवल्या आणि मधे पाइपने जोडल्या. एक फुटली तरी दुसरीत पाणी आहे. पण एकीत कुणी रॉकेल ओतलं तर? दोन्हीत जाणार. आणि वादळात गच्चीच उडाली तर? दोन्ही टाक्या गेल्या. आरसा तुम्हाला फक्त एका गोष्टीपासून वाचवतो, डिस्क मरण्यापासून. चुकून डिलीट केलं, व्हायरस आला, चोर आला, पूर आला, यात आरशाचा काही उपयोग नाही. तुम्ही डिलीट दाबलं की आरसाही इमानदारीने डिलीट करतो.

हे मला माहीत होतं बरं का! म्हणूनच तर ती तिसरी यूएसबी डिस्क. रोज रात्री २ वाजता एक स्क्रिप्ट चालायची. आरसिंक नावाचं प्रोग्राम सर्व्हरवरचं सगळं त्या डिस्कवर कॉपी करायचं. आणि मी त्याला एक पर्याय लावला होता, 'डिलीट'. अर्थ असा की मूळ जागेवरून जे गेलं ते कॉपीमधूनही काढ. दोन्हीकडे अगदी सारखं. नीटनेटकं. मला नीटनेटकं आवडतं.

आता २०२२ चे गणपती. मी घरी आलेली. ३१ ऑगस्टला चतुर्थी. आदल्या संध्याकाळी वीज तीन-चार वेळा गेली आली, आणि तेव्हा यूपीएस नव्हता, 'नंतर घेऊ' म्हणून राहिला होता. शेवटच्या वेळी वीज आली आणि सर्व्हर चालू झाला. दिवा हिरवा. मला वाटलं, चला, बरं झालं.

आत काय झालं होतं ते नंतर कळलं. एका डिस्कची केबल आधीपासून सैल होती. मशीन नीट बंद झालेलं नाही आणि जोडीतली एक डिस्क गायब, म्हणून सर्व्हरने ती डिस्कची जोडी उघडलीच नाही. थांबला, की कुणीतरी माणूस येऊन बघेल. बाकी सगळं चालू. लिनक्समध्ये डिस्क एखाद्या फोल्डरला जोडतात, त्याला माउंट करणं म्हणतात. फोल्डर म्हणजे नुसती चौकट. डिस्क जोडलेली असेल तर चौकटीमागे तुमचा सगळा डेटा. नसेल तर चौकट तशीच राहते, आत काही नाही. आणि प्रोग्रामला फरक कळत नाही. त्याला दिसतं, अच्छा, फोल्डर रिकामा आहे.

रात्री २ वाजले. स्क्रिप्ट चालली. मूळ फोल्डर रिकामा, म्हणजे मालकीणबाईंनी सगळं काढलेलं दिसतंय. मग कॉपीसुद्धा रिकामी केली. सांगितलं होतं तसंच. शंभर टक्के बरोबर.

दुसऱ्या दिवशी घरात पाहुणे, मोदक, आरत्या. संध्याकाळी भाचीला मागच्या वर्षीचे फोटो दाखवायला गेले तर फोल्डर रिकामा. तरी मी शांत! कारण बॅकअप आहे ना. रात्री सगळे झोपल्यावर १ वाजता बसले. केबल सापडली, घट्ट केली, दोन्ही डिस्क दिसायला लागल्या. तिथे थांबायला हवं होतं. जोडी उघडून बघायला हवी होती, डेटा त्या क्षणी दोन्ही डिस्कवर होता. पण मी म्हटलं, कशाला डोकं लावायचं, साफ पुसून नवीन जोडी बनवू आणि बॅकअपवरून परत भरू. पुसायला दोन पर्याय येतात, क्विक आणि सिक्युअर. मी शहाणी. सिक्युअर दाबलं आणि झोपले.

सकाळी उठून यूएसबी डिस्क उघडली. रिकामी.

मी किती वेळ त्या स्क्रीनकडे बघत बसले मला आठवत नाही. आई दूर्वा निवडत होती, तिने विचारलं, 'काय गं, चहा गार झाला.' मला बोलताच येईना.

पुढचे दोन दिवस रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवलं. यूएसबी डिस्कवरून बिननावाचे हजारो फोटो निघाले, तारखा नाहीत, फोल्डर नाहीत. बाकीचे बरेच सगळ्यांच्या फोनमध्ये आणि दादाच्या लॅपटॉपवर होते. फोटोंचं निभावलं. पण आजीची रेकॉर्डिंग? तुकडे निघाले, चालत एकही नव्हतं. मग आठवलं, रिकव्हरीवाल्याचा पेन ड्राइव्ह! कपाट उघडलं, पेन ड्राइव्ह मिळाला. आणि मग आठवलं की सर्व्हरवर डेबियन टाकायला मी तोच पेन ड्राइव्ह फॉरमॅट केला होता. डेटा सर्व्हरवर आलाय, आता हा रिकामाच, असं म्हणून.

शेवटी बाबांना सांगितलं. घाबरतच सांगितलं, कारण आवाज त्यांच्या आईचा.

बाबा काही बोलले नाहीत. उठले, आतून त्यांचा तो छोटा रेडिओ घेऊन आले, मेमरी कार्ड टाकून भजनं ऐकायचा असतो ना, तो. बटण दाबलं. आणि आजी बोलायला लागली. पाला किती, मीठ कधी, जाळ किती वेळ.

झालं होतं असं की २०२० मध्ये पेन ड्राइव्ह आला तेव्हा बाबा तो रोह्यात एका मोबाइलच्या दुकानात घेऊन गेले होते आणि त्या मुलाकडून रेडिओच्या कार्डवर भरून घेतलं होतं. सकाळी फिरून आले की ऐकायचे. दोन वर्षं. मला पत्ताच नाही. मी विचारलं, 'बाबा, सांगितलं का नाही?' तर म्हणाले, 'त्यात सांगायचं काय? आवाज आहे तर ऐकायचा. नुसता ठेवून काय करायचंय?'

अकरापैकी सात होती कार्डवर. बाकीच्या चार फाइल त्या रेडिओवर वाजत नव्हत्या, म्हणून दुकानातल्या मुलाने काढून टाकल्या होत्या. त्या चारमध्ये तिच्या लग्नाची गोष्ट होती आणि नदीच्या पुराची. ती गेली. आता मला त्यातलं जे आठवतंय तेवढंच. मी ते वहीत लिहून ठेवलंय, पण ते माझे शब्द आहेत, तिचे नाहीत.

सॉरी, जरा पाणी पिते.

तर, चूक माझी होती. यंत्राची नाही. पण अशी चूक करणारी मी एकटी नाही, हे कळल्यावर थोडं बरं वाटलं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीत एका थकलेल्या इंजिनिअरने रात्री उशिरा चुकीच्या सर्व्हरवर डिलीट मारलं. साधारण ३०० जीबीचा डेटाबेस, कमांड थांबवेपर्यंत साडेचार जीबी उरला. त्यांच्याकडे बॅकअपच्या पाच पद्धती होत्या. त्या रात्री बघितलं तर एकही धड चालत नव्हती. सहा तासांपूर्वी कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेली एक प्रत होती, तिने वाचवलं. म्हणजे त्यांच्याकडेही कुणीतरी बाबा होतेच. त्या कंपनीचं मला एक आवडलं, त्यांनी लपवलं नाही, सगळं जाहीर लिहिलं.

आणि हे फक्त कॉम्प्युटरचं नाही. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर घ्या, १८६४ सालचं. २००५ च्या जुलैच्या पुरात पुस्तकं भिजली. लोकांनी परत उभं केलं, आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी आत. ज्या पुस्तकाची दुसरी प्रत कुठेतरी आहे, ते परत मिळवता येतं. ज्याची एकच होती, ते गेलं ते गेलं. आपल्या कोकणात पाऊस, पूर, वादळ हे 'कधीतरी' होणारं नाही, ते धरूनच चालायचं.

बरं, आता मी नंतर काय बदललं. लिहून घ्या, किंवा घेऊ नका, ट्रान्सक्रिप्टमध्ये येईलच.

पहिलं, तीन-दोन-एक. फोटोग्राफर पीटर क्रोग यांनी लोकप्रिय केलेला साधा नियम. प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या जागांवर, आणि एक घराबाहेर. घराबाहेर म्हणजे कुठे? मी आधी पेणला मामाकडे डिस्क ठेवणार होते. दादा म्हणाला, 'अगं, निसर्ग वादळ पेणला नव्हतं का?' बरोबर आहे. एकच वादळ दोन्ही घरांवर येणार असेल तर ती घराबाहेरची प्रत नव्हेच. म्हणून ती माझ्या पुण्याच्या फ्लॅटवर ठेवली.

तिथे न्यायची कशी? २ टीबी डेटा ५० एमबीपीएसच्या अपलोडने पाठवला तर अखंड पावणेचार दिवस लागतात, तेही वीज आणि नेट गेलं नाही तर. मी सरळ डिस्क सॅकमध्ये टाकून ताम्हिणी घाटातून घेऊन गेले. चार तासांत २ टीबी, म्हणजे वेग पडला १ गिगाबिटपेक्षा जास्त. घाटात वडापाव खाऊनसुद्धा. आता रोजचा जो थोडा बदल असतो तेवढाच नेटवरून जातो.

दुसरं, 'दोन्हीकडे सारखं' बंद. आता रेस्टिक नावाचं साधन वापरते. ते रोजचा वेगळा फोटो काढल्यासारखा स्नॅपशॉट ठेवतं. आज मी सगळं डिलीट केलं तरी कालचा, गेल्या आठवड्याचा, गेल्या महिन्याचा स्नॅपशॉट तसाच. न बदललेली गोष्ट परत साठवत नाही, म्हणून जागाही फार खात नाही. आणि सगळं कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट करून.

तिसरं, चौकट रिकामी नाही ना, हे आधी बघायचं. माझ्या डेटाच्या डिस्कवर एक छोटी फाइल आहे, नाव 'आहे'. स्क्रिप्ट आधी ती शोधते. दिसली नाही तर काहीही न करता थांबते आणि माझ्या फोनवर मेसेज टाकते. दोन ओळींचा कोड. या दोन ओळी २०२२ मध्ये असत्या तर आज हा एपिसोड झाला नसता.

चौथं, कोकणासाठी खास. यूपीएस घ्याच, आणि त्याची यूएसबी केबल सर्व्हरला जोडा, म्हणजे बॅटरी संपत आली की सर्व्हर स्वतःहून नीट बंद होतो. अर्थिंग तपासून घ्या. यंत्र जमिनीवर ठेवू नका, आमचं आता छातीच्या उंचीवर फळीवर आहे, आणि त्या खोलीवर कौलं नाहीत, स्लॅब आहे. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा बघा, आतल्या ऊबेला मुंग्या आणि पाली फार येतात. हसू नका, खरंच येतात.

पाचवं, बाहेरून घरच्या फाइल बघायला राउटरमधून सरळ पोर्ट उघडू नका. कृपया. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचं खंडणीखोर व्हायरस जगभर पसरलं, ते याच एसएमबीच्या जुन्या आवृत्तीतल्या फटीतून. वायरगार्ड किंवा टेलस्केल वापरा. म्हणजे तुमच्या फोनपासून घरापर्यंत एक खासगी बोगदा, बाकी जगाला दरवाजाच दिसत नाही. आणि आपल्याकडे बऱ्याच कनेक्शनना स्वतःचा पत्ता मिळतच नाही, अनेक घरांत मिळून एकच पत्ता असतो. टेलस्केल त्यातूनही वाट काढतं.

सहावं, आणि हे माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. मी नसले तर? सगळं कुलूपबंद, पासवर्ड माझ्या डोक्यात. म्हणजे उद्या मला काही झालं तर मी घरच्यांसाठी एक महागडी बंद पेटी ठेवून जाणार. म्हणून दोन गोष्टी केल्या. एक, कागदावर मराठीत लिहिलं: यंत्र कुठलं, पासवर्ड काय, कुणाला फोन करायचा. लॅमिनेट करून आईच्या गोदरेजच्या कपाटात, घराच्या कागदांसोबत. दोन, निवडक फोटो आणि आजीची सात रेकॉर्डिंग एका साध्या डिस्कवर, साध्या फॉरमॅटमध्ये, पासवर्डशिवाय. लिनक्सची डिस्क विंडोजला लावली तर दिसत नाही, ही दिसते. रोह्यातल्या कुठल्याही दुकानातल्या मुलाला ती उघडता येईल. बाबांसारखा माणूस घेऊन गेला तरी.

आणि सातवं. वर्षातून एकदा परत आणून बघायचं. बॅकअप घेतलाय यावर विश्वास नाही, तो उघडतो का हे बघायचं. आम्ही दसऱ्याला करतो. घरात शस्त्रपूजन असतं, बाबा त्यांचे पाने-पक्कड मांडतात, मी सर्व्हरला हळदकुंकू लावते, आणि मग पुण्याच्या प्रतीतून एक फोल्डर खरंच परत आणते. बाबा नेहमी तीच फाइल मागतात. ती पूर्ण वाजली की मगच जेवायला बसतो.

तर सर्व्हर प्रत्येकाने बनवावा का? नाही. तुमचे फोटो ५० जीबी असतील तर एक क्लाउड आणि एक यूएसबी डिस्क, संपलं. ज्यांच्याकडे डेटा मोठा आहे, घरात माणसं जास्त आहेत आणि ज्यांना हे करायला आवडतं, त्यांनी बनवा. जुना डेस्कटॉप पुरतो. पण पैसे कमी पडले तर आरशावर कमी करा, घराबाहेरच्या प्रतीवर नको.

आज रात्रीसाठी एक काम देते. तुमच्या फोनमध्ये कुणाचा तरी आवाज असेल. आजीचा, आजोबांचा, आत्याने पाठवलेली व्हॉइस नोट. ती एक फाइल शोधा, दुसरीकडे कुठेही कॉपी करा, आणि तिथून, त्या दुसऱ्या जागेवरून, ती पूर्ण ऐका. पहिले पाच सेकंद नाही, पूर्ण. वाजली तर तुमचा बॅकअप सुरू झाला समजा. आणि ज्यांच्या घरी आजी-आजोबा आहेत, त्यांनी या रविवारी रेकॉर्डिंग लावा. काहीही विचारा. पोपटी कशी लावतात विचारा.

चला, आजच्यापुरतं एवढंच. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात घेऊ. आणि हो, या भागाच्या तीन प्रती ठेवल्यात, एक पुण्यात.

काळजी घ्या, भेटू!